कावळ्याला दिलेला शब्द

सरांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका गुलाबाचा फोटो आहे. फिकट गुलाबी, मोजक्या पाकळ्यांची फुलं, घोसच्या घोस. खाली लिहिलंय, 'बाबांचा गुलाब'. त्याखाली जोडलेल्या हातांची लांब रांग. मी त्या ग्रुपमध्ये नाही. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, त्यांच्या फोनवर दाखवला. तो सरांचा गुलाब नाही. सरांचा गुलाब त्याच कुंडीत मेला. तो कसा मेला हे मी जवळून पाहिलं आहे.

मी तालुक्याच्या गावाहून कॉलेजसाठी मुंबईला आलो आणि परळला आत्याच्या खोलीत राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. गावच्या शाळेत माझा पहिला नंबर कधी चुकला नव्हता, पण इथं तास इंग्रजीतून सुरू झाला की माझ्या वहीत तारखेच्या पुढं काही उमटत नसे. सर आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तू लिहीत नाहीस. नुसतं पेन हलवतोस. मी बघतोय."

मी मान खाली घातली.

"रविवारी सकाळी घरी ये, शिवाजी पार्कला. वर गच्चीवर ये सरळ, मी तिथंच असतो."

सरांची इमारत जुनी, तीन मजली. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत आणि गच्चीचा एक कोपरा त्यांच्या गुलाबांनी भरलेला होता. कॉलेजात कडक इस्त्रीत दिसणारे सर तिथं बनियन आणि अर्धी चड्डी घालून, डोक्याला ओला पंचा गुंडाळून कुंड्यांमध्ये उकिडवे बसलेले असत. मला पायरीवर बसवायचे आणि इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचायला सांगायचे. स्वतः माती उकरत राहायचे. वर न बघता म्हणायचे, "आयलंड. त्यातला एस मुका असतो. पुढं." किंवा, "हे वाक्य तुला कळलं नाही, तू ते ओढत नेलंस. परत वाच." दहा वाजले की काकू पोहे घेऊन वर येत. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं, आडनाव विचारलं नाही. किती जण पहिल्या दोन प्रश्नांतच तिथं पोचतात, हे मला तोवर मुंबईतही कळलं होतं.

त्या कोपऱ्यात एक कुंडी सगळ्यांच्या मध्ये, जरा उंचावर ठेवलेली होती. तो काकूंच्या माहेरचा गुलाब. काकूंचं माहेर गिरगावातल्या एका चाळीत. त्यांच्या वडिलांनी गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेला हा गुलाब कुंकवाहून गडद होता, आणि फुलला की जिन्यात वास यायचा. चाळ टॉवरसाठी रिकामी झाली तेव्हा झाड इतकं जुनं झालं होतं की डब्यातून हलवलं असतं तर गेलंच असतं. मग सरांनी त्याच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणल्या आणि रानगुलाबाच्या रोपांच्या सालीत त्या काड्यांवरचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, भरले. एकच जगला. नंतर सरांनी त्याचं फूल नर्सऱ्यांमधून दाखवलं, पुण्यापर्यंत नेलं. तसा गुलाब कुणाकडं नव्हता. तेव्हा जगात, निदान आम्हाला माहीत असलेल्या जगात, त्याचं हे एकच झाड होतं.

"कलमी गुलाब म्हणजे एक झाड नाही, दोन असतात," सरांनी मला सांगितलं होतं. "खालचा खुंट रानटी. त्याची मुळं जोरकस असतात म्हणून त्याला घ्यायचं. वर आपला डोळा. ही गाठ दिसते ना? हिच्या वर जे येईल ते आपलं. हिच्या खालून जे येईल ते खुंटाचं. आणि खालचं नेहमी जास्त जोमानं येतं. लोकांना वाटतं, वा, काय फुटलंय झाड. सहा महिन्यांत ते वरच्याला उपाशी मारतं."

"मग कापायचं?"

"कापायचं नाही. कात्री लावलीस तर तिथून चार येतात. माती उकरायची, ती फूट मुळाला कुठं चिकटलीय तिथपर्यंत जायचं, आणि हातानं खाली ओढून काढायची. मुळापासून." त्यांनी माझं बोट धरून मातीत घातलं. "लागलं?"

लागलं होतं. मी ओढली. टचकन आवाज झाला आणि ती फूट मुळाजवळच्या टाचेसकट हातात आली. काकू पोह्यांची बशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "झालं. आता हा पण यांच्यासारखा रविवारचा बिघडला."

काही लोक पानं मोजतात, सात पानांचं असलं तर रानटी म्हणतात. सरांना ते आवडत नसे. "पानं फसवतात. निघालंय कुठून ते बघ," एवढंच म्हणायचे.

मी पदवीधर झालो तेव्हा सरांनी त्या झाडाचं एक फूल कापून मला दिलं. काकूंनी देठाला ओलं फडकं बांधलं. मी ते एसटीनं गावी नेलं. आईनं ते भिंतीवरच्या तसबिरीसमोर ठेवलं आणि पाकळ्या वाळल्यावरही बरेच दिवस काढलं नाही. पुढं मला सरकारी कार्यालयात नोकरी लागली, पण रविवार चालूच राहिले. वाचन थांबलं होतं, काम राहिलं होतं. सरांचे गुडघे गेल्यावर माती उकरायचं काम माझ्याकडं आलं. ते खुर्चीत बसून सांगायचे.

एका उन्हाळ्यात सर गेले. हृदय थांबलं, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. त्यांचा मुलगा कॅनडात असतो, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांना तिकीट मिळून ते पोचेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याविषयी चांगलं बोलणार नाही. आल्यावर ते सरांच्या चपलांशेजारी बराच वेळ नुसते बसले होते. तेही मी पाहिलं आहे.

दहाव्याला बाणगंगेला गेलो. आमच्याकडं दहावं नसतं. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडं वंदना होते, बस. पण सरांसाठी मी कुठंही गेलो असतो. पिंड मांडून झाले, सगळे मागं सरून उभे राहिले, आणि कावळा काही शिवेना. कठड्यावर दोन-तीन बसले होते. इकडं बघत होते, येत नव्हते.

रिवाज असा की गेलेल्या माणसाची इच्छा अडकली असली तर कावळा शिवत नाही. मग एकेकानं पुढं होऊन शब्द द्यायचा. सरांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, पुढं झाले. "वहिनीची काळजी करू नकोस. आम्ही आहोत." कावळा आला नाही. मग म्हणाले, "नातवाची मुंज इथंच करू." नाही आला. "तुझी पुस्तकं कॉलेजला देऊ." ऊन चढत होतं. भटजींनी घड्याळ पाहिलं. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "दर्भाचा कावळा करून लावू या का?" त्यावर काका चिडले. "थांबा हो. त्याचं काहीतरी राहिलंय."

मग दादा पुढं झाले. हात जोडले. त्यांचा आवाज फाटला होता.

"बाबा, तुमच्या गुलाबांना कुणी कात्री लावणार नाही. एक फांदी तोडणार नाही. जसे आहेत तसे ठेवू."

आणि कावळा आला. थेट पिंडावर बसला आणि चोच मारली. सगळ्यांनी नि:श्वास सोडला. काकांनी डोळे पुसले. मी कडेला उभा होतो आणि मला दिसत होतं की आमच्या पलीकडं ज्यांचे विधी चालले होते ते लोक नुकतेच उठून गेले होते, आणि कावळे तिथलं संपवून इकडं वळले होते. मी ते बोललो नाही. ती बोलायची जागा नव्हती, आणि ते बोलणारा माणूस मी तर त्याहून नव्हतो.

पण दुसरी गोष्ट मी बोललो. परत येताना गाडीत मी म्हणालो, "दादा, गुलाबांची छाटणी मात्र करावी लागेल. सर स्वतः करायचे. आणि खालून रानटी फूट येते, ती काढली नाही तर—"

"अरे, आता नको ना," दादा म्हणाले. "शिवला ना कावळा? बाबांना तेच हवं होतं. आता त्यात परत काही काढू नकोस."

सरांना तेच हवं होतं. ज्या माणसाच्या बोटांना आयुष्यभर कात्रीच्या दांड्यानं घट्टे पडले होते, त्याला हे हवं होतं की त्याच्या गुलाबांना कुणी कात्री लावू नये. दादांनी बापाला गच्चीवर कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांना वाटलं, प्रेम आहे म्हणजे हात न लावणं.

पुढचे काही महिने रविवारी मी नुसतं पाणी घालत होतो. पावसाळा सरता सरता ती फूट आली. मधल्या कुंडीत, गाठीच्या बोटभर खालून. तजेलदार, हिरवीगार, जवळजवळ बिनकाट्याची. पुढच्या रविवारी ती वीतभर झाली होती आणि त्याच्या पुढच्या रविवारी वरच्या फांद्यांच्या बरोबरीला आली.

काकू बघून खूश झाल्या. "बघ, हे गेल्यापासून एक नवीन पान नव्हतं याला. आता कसं आलंय."

मी त्यांना गाठ दाखवली. त्यांचं हसू लगेच उतरलं. त्या सरांबरोबर त्याच गच्चीवर उभ्या राहून म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

"काढून टाकू?" मी विचारलं.

त्यांनी त्या फुटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "त्यानं शब्द दिलाय रे."

"शब्द कात्रीचा दिलाय, काकू. हे हातानं ओढायचं असतं."

त्या हसल्या. "वकील व्हायला हवं होतंस तू. फांदी तोडणार नाही, असंही म्हणालाय ना तो?"

"म्हणालेत."

"मग त्यालाच विचारू."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कुंडीसमोर धरला. मी उकिडवा बसून बोटानं गाठ दाखवली, खालची फूट दाखवली, वरच्या फांदीचा काळवंडलेला शेंडा दाखवला. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. शेवटी म्हणालो, "दादा, फूट काढायची नसेल तर नका काढू. पण मला वरची एक काडी द्या, एवढी. मी तिचे डोळे दुसऱ्या रोपावर भरतो. म्हणजे जात तरी जगेल. थंडी संपायच्या आत करायला पाहिजे, नंतर लाकूड वाळतं."

पडद्यावर दादा चहा घेत होते. मागं खिडकीत मोसमातलं पहिलं बर्फ दिसत होतं.

"काडी म्हणजे फांदीच झाली ना," ते म्हणाले. "मला तर मस्त दिसतंय झाड. आई, किती वाढलंय. हे बघ, तू शिकलेला आहेस. तुला या गोष्टी मानायच्या नसतील तर ठीक आहे, माझं काही म्हणणं नाही. पण हे आमच्या घरातलं आहे."

काकू म्हणाल्या, "अरे, तो झाडाविषयी बोलतोय."

"मीपण झाडाविषयीच बोलतोय, आई."

सरांची बहीण त्या दिवशी आलेली होती. ती जिन्याच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला ऐकू यावं इतक्याच हळू आवाजात म्हणाली, "त्यांच्यात नसतं ना हे. त्याला कसं कळणार."

इतकी वर्षं त्या घरात मला कुणी 'त्यांच्यात' आणि 'आमच्यात' असं वेगळं केलं नव्हतं. निदान माझ्यासमोर केलं नव्हतं. मी हात धुतले आणि खाली उतरलो. काकूंनी जिन्यातून हाक मारली, "पोहे केलेत." मी म्हणालो, "पुढच्या रविवारी, काकू." आणि पुढच्या रविवारी गेलोही, कारण त्या कुंड्यांकडं बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

मी ती फूट उपटू शकलो असतो. काकू देवपूजेला बसल्या की गच्चीवर मी एकटाच असे, आणि एक टचकन आवाज पुरला असता. ऑफिसातल्या एका मित्रानं तेच सुचवलं. "काढ ना रे गपचूप. कोण बघतंय? कावळा?" पण मग उद्या झाड कशानंही मेलं असतं तरी ते मी मारलं असतं. त्या घरात आता माझा हात म्हणजे सरांचा हात राहिला नव्हता. जे मला सरांनी शिकवलं ते सरांच्याच झाडावर करायला मला परवानगी नव्हती, आणि ज्यांना परवानगी होती त्यांना ते येत नव्हतं. मी पाणी घालत होतो. पाणी कोण पीत होतं ते मला दिसत होतं.

थंडीत लाल गुलाबाला एक कळी आली, लहान. ती अर्धी उघडली आणि तशीच राहिली. काकूंनी ती देवाला वाहिली नाही, झाडावरच राहू दिली. फांद्या वरून खाली काळ्या होत गेल्या. खुंटाच्या फुटव्यांनी कुंडी भरून टाकली, एकाचे पाच झाले, कठड्यावरून खाली वाकले. थंडी सरताना ते फुलले. रस्त्यावरून मान वर करून लोक बघायचे. पार्कात फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांनी काकूंना अडवून सांगितलं, "सरांच्या हाताला यश आहे हो. गेल्यावरसुद्धा फुलतायत."

वर्षश्राद्धाला दादा आले. दुपारी जेवणाआधी गच्चीवर गेले आणि थक्क झाले. त्या घोसांसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढले, एक ग्रुपवर टाकला. खाली आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला म्हणाले, "बघितलंस? तू म्हणत होतास मरेल."

मी काही म्हणायच्या आत काकू उठल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटातून त्यांनी सरांची कात्री काढली. वर्षभर ती तेल लावून फडक्यात बांधून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं. मला म्हणाल्या, "चल वर."

"आई, काय करतेस?" दादा मागून आले. "आपण शब्द दिलाय."

"तू दिलायस. मी बाणगंगेला आले नव्हते. मी कुठल्या कावळ्याला काही बोलले नाही." त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. "काड्या घे तुला पाहिजेत तेवढ्या. माझ्या वडिलांचं झाड आहे ते."

मी फुटवे बाजूला सारून आत हात घातला. मध्ये गाठ होती. तिच्यावर उभ्या राहिलेल्या फांद्या मी एकेक करून नखानं खरवडल्या. जिवंत फांदीची साल खरवडली की आत हिरवं दिसतं. सगळीकडं तपकिरी होतं. गाठीजवळ एका जागी थोडी हिरवट छटा वाटली, तिथून एक काडी घेतली. कात्री लागली तेव्हा वाळक्या लाकडाचा आवाज आला.

काकूंनी विचारलं, "जगेल?"

"बघतो, काकू."

"खरं सांग."

"थंडीत मिळाली असती तर जगली असती."

दादा फिकट फुलांच्या घोसाला धरून उभे होते. त्यांना हळूहळू कळत होतं. त्यांनी हातातल्या फुलाकडं पाहिलं, मग त्या काळ्या काडीकडं. मग म्हणाले, "मला कुणी नीट सांगितलंच नाही."

"सांगितलं होतं, दादा," मी म्हणालो.

"असं नाही सांगितलंस."

"असंच सांगितलं होतं त्यानं," काकू म्हणाल्या. "फोन मीच धरला होता."

खालून सरांच्या बहिणीनं हाक मारली, पानं वाढली आहेत म्हणून. कुणी हललं नाही. मग दादा खाली गेले, आणि त्यांच्यामागं काकू. जाताना मला म्हणाल्या, "जेवून जा. तुझं पान माझ्या शेजारी मांडायला सांगितलंय." मी जेवलो. दादांनी मला आग्रह करून वडा वाढला. पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत, नंतर कधी बोलले नाहीत, आणि ग्रुपवरचा फोटोही काढून टाकला नाही.

त्या काडीला दोनच डोळे होते. परळच्या खोलीच्या खिडकीत मी दोन रानरोपं तयार ठेवली होती, थंडीपासूनच, उगाच. दोन्ही डोळे भरले, पट्टी बांधली, जशी सर बांधायचे तशी. काही दिवसांनी पट्टी सोडली तर दोन्ही काळे होते. आत्या म्हणाली, "नवीन आण की रे एक, नर्सरीत ढिगानं असतात." मी हो म्हणालो.

दादा परत गेल्यावर मी काकूंना विचारलं, आता ते खुंटाचं झाड उपटून टाकू का. कुंडी मोकळी होईल, दुसरा चांगला गुलाब लावता येईल. त्या म्हणाल्या, "राहू दे. जसं आहे तसं ठेवू म्हणाला होता ना तो, त्याचं त्याला मिळालंय." मग म्हणाल्या, "पाणी मात्र तू नको घालूस. मी घालीन."

रविवारी मी अजून जातो. बाकीच्या कुंड्यांची छाटणी करतो, त्याबद्दल आता कुणी काही म्हणत नाही. त्या मधल्या कुंडीला माझा हात लागत नाही. काकू तिला पाणी घालतात, फुलं येतात आणि झाडावरच गळतात. त्यांतलं एकही त्या देवाला वाहत नाहीत.